रिझर्व्हमध्ये जवानाचा ऑफिसर होताना पेन्शनचं गणित कसं मांडायचं

मंडळी, हा लेख अमेरिकेत राहून आर्मी रिझर्व्ह किंवा नॅशनल गार्डमध्ये (म्हणजे अर्धवेळ फौजेत) नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी पोरापोरींसाठी आहे, त्यातही जे एन्लिस्टेड, म्हणजे शिपाई-सार्जंट दर्जावर भरती झाले आणि आता ओसीएस (ऑफिसर घडवणारी शाळा) किंवा डायरेक्ट कमिशन (थेट ऑफिसर म्हणून नेमणूक) घेऊन ऑफिसर व्हायचा विचार करताहेत त्यांच्यासाठी. मी स्वतः स्पेशलिस्ट म्हणून भरती झालो, सार्जंट झालो, मग कमिशन घेतलं आणि आज कॅप्टन आहे. त्या वाटेवर पेन्शनबद्दल जे कोणी नीट बसवून सांगितलं नाही ते इथे एकेक करून लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. आपल्याकडे गावात फौजी पेन्शन म्हणजे काय हे लहानपणापासून बघितलेलं असतं. साताऱ्याकडे तर घराघरात कोणी ना कोणी फौजेतनं आलेला, जवानाची १५ वर्षं झाली, गडी घरी आला की पुढच्या महिन्यापासून पेन्शन चालू. इथे रिझर्व्हमध्ये तसं नाही. २० वर्षं पूर्ण केली तरी पैसे साधारण वयाच्या ६० व्या वर्षी सुरू होतात, आणि रक्कम ठरते ती तुम्ही किती वर्षं होतात यावर नाही तर किती पॉइंट्स जमवले यावर. माझ्या मामाला हे फोनवर समजावताना अर्धा तास गेला होता, आणि खरं सांगायचं तर युनिटमधल्या अर्ध्या लोकांनाही हे नीट माहीत नसतं.

पहिलं काम: पॉइंट्स म्हणजे काय ते समजून घ्या

एका ड्रिल (सराव) वीकेंडला चार हजेऱ्या धरतात, एका हजेरीला एक पॉइंट, म्हणजे वर्षाच्या ४८ हजेऱ्यांचे ४८ पॉइंट्स. वार्षिक ट्रेनिंगच्या प्रत्येक दिवसाला एक, अ‍ॅक्टिव्ह ड्युटीच्या (पूर्णवेळ फौजेच्या कामाच्या) प्रत्येक दिवसाला एक, आणि नुसतं रिझर्व्हमध्ये असण्याचे वर्षाला १५. एवढं धरलं तर साधं वर्ष साधारण ७७-७८ पॉइंट्सचं होतं. ज्या वर्षात कमीत कमी ५० पॉइंट्स झाले ते गुड इयर, आणि अशी २० गुड इयर्स झाली की पेन्शनचा हक्क लागू होतो.

इथे वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर नाही बरं का, प्रत्येकाचं वेगळं वर्ष असतं, साधारणपणे भरतीच्या तारखेपासून मोजलेलं. ती तारीख पाठ करून ठेवा. बरेच जण ४६-४७ वर अडकतात आणि वर्ष संपून गेल्यावर कळतं, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आता हिशेब. एकूण पॉइंट्सना ३६० नी भागायचं, जो आकडा येतो ती तुमची वर्षं समजा, त्याला अडीच टक्क्यांनी गुणायचं, आणि तेवढे टक्के तुमच्या बेस पेचे मिळतात. बेस पे म्हणजे कोणतं, तर सगळ्यात जास्त पगाराच्या ३६ महिन्यांची सरासरी. समजा २,८०० पॉइंट्स आहेत. ३६० नी भागलं की ७.७८ वर्षं, म्हणजे १९.४४ टक्के. आता गणितापुरतं धरू की ई-७ (सार्जंट फर्स्ट क्लास) चा बेस पे महिन्याला ५,५०० डॉलर आहे आणि ओ-४ (मेजर) चा ९,५०० (हे आकडे फक्त हिशेब दाखवायला घेतलेत, खरे आकडे त्या वर्षीच्या पे टेबलात बघा). ई-७ म्हणून निवृत्त झालात तर महिन्याला १,०६९ डॉलर, ओ-४ म्हणून झालात तर तेवढ्याच पॉइंट्सवर १,८४७.

हे वाचून थांबा आणि परत वाचा, कारण या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. शिपाई म्हणून चिखलात लोळून कमावलेले पॉइंट्ससुद्धा शेवटी ऑफिसरच्या पगारानं गुणले जातात. एन्लिस्टेडचे पॉइंट्स वेगळ्या डब्यात आणि ऑफिसरचे वेगळ्या डब्यात असा प्रकार नाही, सगळा एकच ढीग. म्हणून कमिशन घेताना जुने पॉइंट्स जपणं हे नवीन रँक मिळवण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

दुसरं: तुम्ही कुठल्या पेन्शन पद्धतीत आहात ते बघा

१ जानेवारी २०१८ नंतर पहिल्यांदा भरती झालेले सगळे ब्लेंडेड रिटायरमेंटमध्ये, म्हणजे बीआरएसमध्ये. त्यात अडीचऐवजी दोन टक्के मिळतात, वरच्या उदाहरणात ओ-४ ला १,८४७ ऐवजी १,४७८ होतील, पण त्या बदल्यात सरकार तुमच्या टीएसपी (सरकारी निवृत्ती बचत) खात्यात एक टक्का आपणहून आणि चार टक्क्यांपर्यंत मॅचिंग (तुम्ही टाकता त्याच्या जोडीला) टाकतं. त्याआधी भरती झालेले जुन्या पद्धतीत, फक्त ज्यांनी २०१८ मध्ये स्वतःहून बीआरएस निवडलं ते सोडून. कमिशन घेतल्यानं ही पद्धत बदलत नाही. पहिल्यांदा गणवेश घातला त्या तारखेवर सगळं ठरलेलं असतं, त्यामुळे २०१५ ला प्रायव्हेट म्हणून आलेला माणूस २०२५ ला सेकंड लेफ्टनंट झाला तरी जुन्याच पद्धतीत राहतो. कोणी वेगळं सांगितलं तर नियम दाखवा म्हणावं.

बीआरएसवाल्यांनी एक गोष्ट सांभाळायची. आपल्यातले बहुतेक जण आयटीत किंवा हॉस्पिटलात नोकरी करतात, तिथे ४०१(के), म्हणजे कंपनीचं निवृत्ती बचत खातं, असतं, आणि टीएसपी धरून दोन्हीकडे मिळून तुमच्या पगारातून टाकायची मर्यादा एकच आहे, २०२५ साठी ती २३,५०० डॉलर होती. ऑगस्टपर्यंत ऑफिसच्या ४०१(के) मध्येच ती संपवलीत तर उरलेल्या ड्रिल्सच्या पगारातून टीएसपीत टाकता येत नाही आणि तेवढं मॅचिंग हातचं जातं. ऑफिसर झाल्यावर ड्रिलचा पगार वाढतो, मग पाच टक्क्यांची रक्कमही वाढते, तेव्हा जानेवारीतच दोन्हीकडचा हिशेब मांडून ठेवा.

तिसरं: १,४६० चा आकडा, आणि हा कमिशनच्या आधीच बघायचा

पे टेबलात ओ-१, ओ-२, ओ-३ (सेकंड लेफ्टनंट ते कॅप्टन) च्या खाली ओ-१ई, ओ-२ई, ओ-३ई अशा वेगळ्या ओळी दिसतील. ज्यांनी एन्लिस्टेड किंवा वॉरंट ऑफिसर (सार्जंट आणि ऑफिसर यांच्या मधला दर्जा) म्हणून चार वर्षांपेक्षा जास्त अ‍ॅक्टिव्ह ड्युटी केलीय त्यांना तो वाढीव पगार मिळतो. आपण रिझर्व्हवाले म्हणतो आपली कुठे चार वर्षं सलग झालीत, पण कायद्यात आपल्यासाठी दुसरा दरवाजा आहे: एन्लिस्टेड किंवा वॉरंट ऑफिसर म्हणून कमावलेले पॉइंट्स १,४६० च्या वर असले तरी ई चा पगार लागू होतो. आणि कॅप्टन म्हणूनच निवृत्त झालात तर पेन्शनचा हिशेबही त्याच वाढीव पगारावर होतो.

गोम अशी की कमिशन घेतल्यानंतरचे पॉइंट्स यात धरत नाहीत. ज्या दिवशी ऑफिसरची शपथ घेतली त्या दिवशी हा आकडा कायमचा गोठला. माझ्या ओळखीतली एक मुलगी १,४१५ वर कमिशन घेणार होती, आम्ही दोघांनी बसून हिशेब केला, तिनं तारीख पुढे ढकलली, मधल्या काळात एक वार्षिक ट्रेनिंग, उरलेले ड्रिल्स आणि एक तीन आठवड्यांचा कोर्स केला आणि पार करून गेली. पुढची किती वर्षं तिला दर महिन्याला जास्त पगार मिळणार याचा विचार करा.

पण म्हणून कोणीही ९०० वर असताना वाट बघत बसू नका. डिप्लॉयमेंट न झालेल्या (मोहिमेवर न गेलेल्या) माणसाला नुसत्या ड्रिल्सवर तिथे पोचायला अठरा-एकोणीस वर्षं लागतात, तोपर्यंत मेजर होण्याची वर्षं निघून जातील, आणि मेजरला ई ची ओळ नसतेच. माझं मत सरळ आहे, काही महिन्यांचा प्रश्न असेल तर थांबा, दोन-तीन वर्षांचा असेल तर पुढे जा.

ई चा पगार नसला तरी एन्लिस्टेडची वर्षं वाया जात नाहीत हेही लक्षात असू द्या. पगाराच्या टेबलात वर्षं पहिल्या भरतीपासून मोजतात, म्हणजे बारा वर्षं झालेला नवा सेकंड लेफ्टनंट बारा वर्षांच्या कॉलममधला पगार घेतो.

चौथं: कागद, कागद आणि कागद

कमिशनच्या वेळी एक दिवस तुम्हाला एन्लिस्टेड म्हणून डिस्चार्ज करतात आणि दुसऱ्या दिवसापासून ऑफिसर म्हणून नेमतात. या दोन तारखांमध्ये एकही दिवस मोकळा राहता कामा नये. माझ्या बाबतीत राहिला. डिस्चार्ज ऑर्डर १४ तारखेची निघाली आणि नेमणूक १७ ची, मधे जी फट पडली तिला सिस्टिमनं ब्रेक इन सर्व्हिस (नोकरीतला खंड) धरलं, माझं रिटायरमेंट वर्ष मोडून नव्या तारखेपासून सुरू झालं, आणि जुनं वर्ष अर्धवटच तुटलं. मला हे कळलं दीड वर्षानं, तेही सहज स्टेटमेंट उघडलं म्हणून. दुरुस्त ऑर्डर मिळवायला पुढे सात महिने लागले, ईमेल, फोन, परत ईमेल, जे मूळ ऑर्डर काढणारे होते ते दुसरीकडे गेलेले. त्या सात महिन्यांत मला रात्री झोप लागायची नाही हो, कारण त्या वर्षातले पॉइंट्स गेले असते तर एक गुड इयर गेलं असतं.

म्हणून शपथेच्या आधी हे करा. आर्मी रिझर्व्हमध्ये असाल तर ह्यूमन रिसोर्सेस कमांडच्या साइटवरून डीए फॉर्म ५०१६ काढा, गार्डमध्ये असाल तर एनजीबी फॉर्म २३ मागा. दोन्हीत वर्षावार पॉइंट्स दिलेले असतात. प्रत्येक ओळ जुन्या पे स्लिप्सशी, म्हणजे एलईएसशी, आणि ऑर्डर्सशी ताडून बघा. बेसिक ट्रेनिंगचे दिवस आलेत का, डिप्लॉयमेंटची डीडी २१४ (पूर्णवेळ ड्युटी संपल्याचा दाखला) धरलीय का, बिनपगारी कामाचे डीए १३८० भरलेत का. चूक असली तर एन्लिस्टेड असतानाच दुरुस्त करून घ्या, कारण तेव्हा तुमचं रेकॉर्ड ओळखणारा युनिटचा क्लार्क शेजारीच बसलेला असतो. शपथेनंतर तीन महिन्यांनी परत स्टेटमेंट काढा, आणि नंतर दरवर्षी वाढदिवसाला देवाला जातो तसं न चुकता काढा. सगळ्याच्या पीडीएफ स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवा, आर्मीच्या सिस्टिम बदलत राहतात, आयपीपीएस-ए (पगार आणि नोंदींची नवी सिस्टिम) आली तेव्हा कित्येकांच्या नोंदी पुढेमागे झाल्या.

जाता जाता, ग्रीन कार्डवर भरती झालेल्यांनी सिटिझनशिप आधी हातात घ्या. शिपाई म्हणून ग्रीन कार्ड चालतं, पण ऑफिसरला सीक्रेट क्लिअरन्स (गुप्त माहिती हाताळायची परवानगी) लागतो आणि तो नागरिकालाच मिळतो.

पाचवं: १० वर्षांचा नियम, ज्यानं लोकांना उगाच घाबरवलंय

चहाच्या टपरीवर ऐकल्यासारखं हे सगळीकडे ऐकू येतं की ऑफिसर म्हणून दहा वर्षं झाली नाहीत तर पेन्शन शिपायाच्या रँकची मिळते. चांगले चांगले सार्जंट फर्स्ट क्लास या एका वाक्यापायी कमिशनचा अर्ज फाडून टाकतात. नियम खरा आहे, पण तो अ‍ॅक्टिव्ह ड्युटीच्या पेन्शनचा आहे, म्हणजे २० वर्षं पूर्णवेळ नोकरी करून लगेच पेन्शन घेणाऱ्यांचा. तुम्ही एजीआरमध्ये, म्हणजे पूर्णवेळ रिझर्व्ह नोकरीत असाल आणि २० वर्षांची अ‍ॅक्टिव्ह पेन्शन धरून चालला असाल, तर तो तुम्हाला लागू आहे आणि कमिशन कधी घ्यायचं हे तुम्ही फार विचार करून ठरवायला हवं.

महिन्याला एक वीकेंड करणाऱ्या साध्या रिझर्व्हवाल्याला, ज्याची पेन्शन साठीच्या आसपास सुरू होणार आहे, त्याला तो लागू नाही. आपल्यासाठी नियम असा: मेजर आणि त्याखालच्या रँकमध्ये सहा महिने समाधानकारक नोकरी झाली की ती रँक धरतात, लेफ्टनंट कर्नल आणि वरच्या रँकला तीन वर्षं लागतात. म्हणजे चौदा वर्षं शिपाई आणि सहा वर्षं ऑफिसर असा हिशेब असला तरी कॅप्टन म्हणून जाता येतं. कोणी तुम्हाला दहा वर्षांचं सांगून अडवत असेल तर त्याला शांतपणे विचारा, कुठल्या पेन्शनचं बोलताय.

सहावं: किती वर्षं ठेवतील याचा अंदाज घ्या

ऑफिसर झाल्यावर बढती न मिळाल्यास बाहेर काढायचे नियम जास्त कडक असतात. कॅप्टन असताना मेजरच्या बोर्डात दोनदा नाव आलं नाही तर साधारणपणे जावं लागतं. पण १८ गुड इयर्स झालेली असतील तर २० होईपर्यंत ठेवतात, त्याला सँक्च्युअरी म्हणतात. इथे एन्लिस्टेडची वर्षं असणाऱ्यांचा मोठा फायदा आहे. बारा गुड इयर्स घेऊन कमिशन घेतलंत तर फक्त आठ हवीत, आणि मेजरच्या बोर्डाची वेळ येईपर्यंत तुम्ही विसाच्या जवळ पोचलेले असता. वरच्या बाजूला लेफ्टनंट कर्नलला कमिशनची २८ वर्षं आणि सगळ्यांना वयाची ६२ अशी मर्यादा असते, चाळिशीत कमिशन घेणाऱ्यांनी ती बघून ठेवावी.

सातवं: २० वर्षांचं पत्र आलं की घड्याळ सुरू

वीस गुड इयर्स पूर्ण झाली की वर्षभरात पत्र येतं, लोक त्याला ट्वेंटी इयर लेटरच म्हणतात. ते फ्रेम करून भिंतीवर लावण्याआधी आतला डीडी २६५६-५ हा फॉर्म भरायचा, ९० दिवसांत. हा सर्व्हायव्हर बेनिफिटचा फॉर्म, म्हणजे साठीच्या आधी तुमचं काही झालं तर बायकोला किंवा नवऱ्याला काय मिळणार ते. ऑप्शन ए म्हणजे आत्ता काही नाही, ६० ला बघू. बी म्हणजे तुम्ही ६० चे झाले असते त्या तारखेपासून पैसे. सी म्हणजे मृत्यूनंतर लगेच. पूर्ण कव्हरेज घेतलंत तर जोडीदाराला पेन्शनच्या ५५ टक्के मिळतात. हप्ता पेन्शन सुरू झाल्यावर त्यातून कापतात. ए किंवा बी घ्यायचं तर जोडीदाराची लेखी संमती लागते, आणि फॉर्म पाठवलाच नाही तर पूर्ण सी लागू होतं. मी सी घेणार आहे. माझी बायको इथे माहेरापासून आठ हजार मैलांवर आहे, तिच्यासाठी ही सगळ्यात साधी सोय आहे.

आठवं: राजीनामा देऊ नका, रिटायर्ड रिझर्व्हमध्ये जा

वीस वर्षं झाली, पंचेचाळिशी आली, पोरं हायस्कुलात, वीकेंड नकोसे झाले, की लोक म्हणतात सोडून देऊ. सोडा, पण कसं सोडताय ते महत्त्वाचं. रिटायर्ड रिझर्व्हमध्ये बदली मागितलीत तर साठीपर्यंतची वर्षं पगाराच्या टेबलात धरली जातात आणि पेन्शन त्या वेळच्या पे टेबलावरून काढतात. सरळ राजीनामा देऊन डिस्चार्ज घेतलात तर तुमचं पे टेबल त्या दिवशीच थांबतं. पंधरा वर्षांची पगारवाढ एका सहीत गेली. शिवाय मधल्या काळाला ग्रे एरिया म्हणतात आणि तो तीन वर्षांपेक्षा जास्त असला तर सरासरीचे सगळे ३६ महिने तुमच्या शेवटच्या रँकचेच धरले जातात, मग मेजर होऊन एकच वर्ष झालं होतं तरी चालतं.

साठीच्या आधी पैसे सुरू व्हायची एक वाट आहे. २८ जानेवारी २००८ नंतर मोबिलायझेशन किंवा तशा अ‍ॅक्टिव्ह ड्युटीचे दर ९० दिवस झाले की तीन महिने अलीकडे, कमीत कमी ५० पर्यंत. ते ९० दिवस सरकारी आर्थिक वर्षात मोजतात, १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर, आता लागून असलेली दोन वर्षं मिळूनही चालतात. २७० दिवस झाले असतील तर ५९ वर्षं ३ महिन्यांना पेन्शन. वार्षिक ट्रेनिंग यात येत नाही, ऑर्डरवर कोणतं कलम लिहिलंय ते बघा, १२३०२ किंवा १२३०१(डी) असेल तर ती ऑर्डर सोन्यासारखी जपा.

आणि हो, पैसे लवकर आले तरी ट्रायकेअरचा निवृत्तीनंतरचा स्वस्त आरोग्य विमा ६० लाच मिळतो. ड्रिल करत असेपर्यंत ट्रायकेअर रिझर्व्ह सिलेक्ट स्वस्तात असतं, ग्रे एरियातलं ट्रायकेअर रिटायर्ड रिझर्व्ह बरंच महाग पडतं, तेव्हा त्या वर्षांसाठी नोकरीतला विमा धरून चाला.

शेवटचं: अर्ज तुम्हालाच करायचाय

पेन्शन आपोआप सुरू होत नाही. पैसे सुरू व्हायच्या तारखेच्या आठ-नऊ महिने आधी डीडी फॉर्म १०८ आणि डीडी २६५६ भरून ५०१६, ट्वेंटी इयर लेटर आणि डीडी २१४ सोबत पाठवायचं. पत्ता बदलला असेल तर ग्रे एरियातही कळवत राहायचं, नाहीतर कोणी शोधत येत नाही. विसरलात तर मागचे पैसे मिळतात, पण सहा वर्षांच्या पलीकडचे बुडतात.

ज्यांचा साठीनंतर पुण्या-नाशकाला परत जाऊन राहायचा विचार आहे त्यांनी आणखी एक करायचं. पासष्टीनंतर ट्रायकेअर फॉर लाइफ भारतातही चालतं, पण त्यासाठी मेडिकेअर (अमेरिकेतला पासष्टीनंतरचा सरकारी विमा) पार्ट बी चा हप्ता भरत राहावा लागतो. मेडिकेअर स्वतः भारतातल्या हॉस्पिटलचं काही देत नाही म्हणून लोक पार्ट बी बंद करतात, आणि त्याबरोबर ट्रायकेअरही जातं. परत जायच्या आधी पार्ट बी चालू आहे ना, हप्ता अमेरिकेतल्या कुठल्या खात्यातून कापला जातोय आणि त्या खात्यावर बायकोचंही नाव आहे ना, एवढं तपासून मगच विमानात बसा.